पाण्याला वाट ठेवून: पंढरपूरच्या घाट, वाडे आणि वाळवंटाचा इतिहास

भीमा नदी भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते, पुणे परिसरातील मुळा-मुठेचे पाणी घेते, नीरा नरसिंगपूर येथे नीरेला सामावून घेते आणि मग पंढरपूरपाशी येऊन गावाला अर्धचंद्राकृती वळसा घालते. या वळणावरूनच तिला येथे चंद्रभागा हे नाव मिळाले आहे. नदीच्या उजव्या काठावर, पाण्याच्या दिशेने उतरत गेलेल्या जमिनीवर हे गाव वसलेले आहे आणि विठ्ठलमंदिराचे पूर्वेकडील महाद्वार नदीच्या रोखाने उघडते. गावाचा प्रदेश पर्जन्यछायेतला, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडविल्यामुळे कोरडा राहिलेला असून येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपासच असतो. तरीही या गावाने शतकानुशतके महापूर पाहिले आहेत, कारण येथे येणारे पाणी येथे पडलेल्या पावसाचे नसते. ते शेकडो किलोमीटर पश्चिमेला, घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे असते. आभाळ निरभ्र असताना नदी चढू लागावी, हा पंढरपूरचा नित्याचा अनुभव आहे. या गावातील जुन्या इमारती समजून घ्यावयाच्या असतील तर छपराला पावसाची भीती नसावी आणि पायाला मात्र पुराची सदैव भीती असावी, ही या भूमीची विचित्र अट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

पंढरपूरच्या स्थापत्याविषयी जे लेखन झाले आहे त्याचा बहुतेक भर विठ्ठलमंदिरावर आहे आणि ते स्वाभाविकही आहे. होयसळ राजा सोमेश्वर याच्या इ. स. १२३७ च्या शिलालेखात भीमरथीच्या काठावरील या गावाचा उल्लेख येतो. मंदिरातील प्रसिद्ध ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला असून त्यात यादव राजा रामदेवराव, त्याचा प्रधान हेमाद्री आणि इतर अनेक दात्यांच्या देणग्यांची नोंद आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय देवाचे घर हा नसून देवाकडे येणाऱ्या माणसाचे घर हा आहे. वर्षातून चार मोठ्या वाऱ्यांना लाखोंच्या संख्येने येणारी माणसे कोठे उतरली, कोठे जेवली, कोठे स्नान करून कीर्तनाला बसली, आणि त्यांच्यासाठी जे बांधले गेले त्याने खडक, वाळू आणि पूर यांच्याशी कोणता करार केला, हा येथील प्रश्न आहे. या इतिहासाचे सूत्र असे दिसते की, येथील जुन्या बांधणाऱ्यांनी नदीला अडविण्याचा हट्ट धरला नाही. जे टिकावयाचे ते त्यांनी दगडात बांधले आणि त्यातून पाण्याला वाट ठेवली, जे टिकण्याची गरज नव्हती ते कापडात उभारले आणि पाणी येण्यापूर्वी गुंडाळून ठेवले.

चार वाऱ्यांचे पंचांग आणि नदीचे पंचांग यांचा मेळ पाहिल्यावाचून हा करार उलगडत नाही. आषाढी एकादशी जून-जुलैमध्ये, पावसाळ्याच्या प्रारंभी येते, त्या वेळी नदी चढू लागलेली असू शकते आणि काठावरच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात असतात. कार्तिकी एकादशी पावसाळा सरल्यावर येते, तेव्हा पूर ओसरून गेलेला असतो आणि पात्रात धुतलेल्या वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडलेला असतो. माघी आणि चैत्री या वाऱ्यांच्या काळात पाणी आणखी आटते. या वाळूच्या पट्ट्यालाच वारकरी ‘वाळवंट’ म्हणतात. मराठीत एरवी या शब्दाने निर्जल, ओसाड प्रदेश सूचित होतो, पण पंढरपुरात वाळवंट म्हणजे कीर्तनाची, भेटीगाठींची आणि वस्तीची जागा. ही जागा कोणीही बांधलेली नाही, तिला भिंत नाही, दार नाही, आणि दर पावसाळ्यात नदी स्वतः ती झाडून काढत आली आहे. पंढरपुरातील सर्वांत मोठी यात्रेकरूंची वास्तू कोणती, असे विचारले तर उत्तर वाळवंट हेच द्यावे लागेल, आणि तिचा कारागीर नदी हाच आहे.

या वाळवंटात जे थोडे कायमचे बांधकाम झाले, ते पाहण्यासारखे आहे. महाद्वार घाटासमोर, ऐन पात्रात पुंडलिकाचे मंदिर आहे. आईवडिलांच्या सेवेत मग्न असलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर थांबविले, ही कथा सर्वश्रुत आहे. वारकरी आधी चंद्रभागेत स्नान करतो, मग पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि त्यानंतरच विठ्ठलाकडे वळतो, त्यामुळे हे मंदिर यात्रेच्या क्रमातले पहिले दार ठरते. त्याची पूजा परंपरेने कोळी समाजाकडे आहे. नदीवर ज्यांचे जीवन चालले त्यांच्याकडेच नदीतल्या देवळाची सेवा असावी, हे उचितच आहे. हे मंदिर लहान, आटोपशीर आणि भरीव आहे. त्याच्याभोवती अनेक लहान समाध्या आणि देवळ्या दाटीने उभ्या आहेत. पूर आला की यातील बहुतेक सर्व पाण्याखाली जातात, कधी नुसते शिखर वर दिसते, आणि गावात ‘पाणी पुंडलिकाला लागले’ हीच पुराची पहिली मोजणी ठरते. पूर ओसरला की गाळ काढला जातो आणि पूजा पुन्हा सुरू होते. बुडणे ही या वास्तूच्या आयुष्यातील आपत्ती नव्हे, तो तिच्या वार्षिक क्रमाचा भाग आहे.

त्याहूनही बोलके उदाहरण गावाच्या दक्षिणेला, गोपाळपूरच्या वाटेवर पात्रातील खडकावर असलेल्या विष्णुपदाचे आहे. येथे नैसर्गिक कातळावर कृष्णाची आणि गाईंची पावले उमटल्याची श्रद्धा आहे आणि मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठलाचा मुक्काम येथे असतो असे मानतात. त्या महिन्यात पंढरपूरकर येथे वनभोजनाला येतात. पूजा ज्याची करावयाची तो खडकच असल्यामुळे बांधणाऱ्याने त्या खडकावर मूर्तीचे घर उभारण्याऐवजी खडकाभोवती दगडी खांबांचा मंडप उभा केला. भिंती नसलेल्या मंडपातून पुराचे पाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाते. पाण्याला ढकलण्यासाठी सलग पृष्ठभागच मिळत नाही. येणाऱ्या माणसाला सावली मिळते, वारा मिळतो, नदी सर्व बाजूंनी दिसत राहते आणि पायाखाली फरशीऐवजी मूळ कातळ लागतो. निसर्गात विरघळून जाणारी वास्तू म्हणजे काय, हे आज अनेक आराखड्यांतून सांगितले जाते. विष्णुपदाच्या मंडपाने ते गाजावाजा न करता आधीच करून दाखविले आहे.

पुराशी असे जुळवून घेण्याची ही पद्धत पंढरपूरपुरती नाही. कृष्णाकाठी वाई येथे रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केली आहे, म्हणजे वरून येणारा प्रवाह तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी माणसे गर्दी करतात; तेथे पाण्याच्या वाटेचाच उत्सव झाला आहे. जपानमधील शिकोकू बेटावर शिमांतो नदीवर कठडे नसलेले ठेंगणे पूल आहेत. पुरात ते बुडतात, वाहून येणारी झाडे त्यांना अडकत नाहीत आणि पाणी उतरले की वाहतूक पुन्हा सुरू होते. पंढरपूरचा जुना दगडी पूलही याच जातीचा आहे. नदीला पाणी वाढले की तो पाण्याखाली जातो, वाहतूक बंद होते, आणि पाणी उतरल्यावर तो जागच्या जागी असतो. वाईने पाणी कापले, वाडीने पाणी देवळातून नेले, पंढरपूरने पाण्याला डोक्यावरून जाऊ दिले. तीन गावांची तीन उत्तरे आहेत, आणि तिन्हींत नदीचा अधिकार आधी मान्य केलेला आहे.

काठ आणि पात्र यांच्या मधल्या उतारावर घाट आले. घाट म्हणजे नदीच्या ढासळत्या, मातीच्या काठाला घडीव दगडांचे आवरण घालून केलेल्या पायऱ्या. त्या माणसाला पाण्यापर्यंत उतरवतात आणि त्याच वेळी काठाची धूप थांबवतात, म्हणून घाट हे एकाच वेळी दळणवळणाचे आणि संरक्षणाचे बांधकाम असते. महाद्वार, कासार, कुंभार, उद्धव, चंद्रभागा, दत्त अशी पंढरपूरच्या घाटांची नावे आहेत. त्यांतली काही देवांची, काही भक्तांची तर काही काठावर राबणाऱ्या व्यवसायांची आहेत आणि त्या नावांतच गावाच्या वस्तीचा नकाशा उतरला आहे. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट दगड येथे सर्वत्र वापरला गेला. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला हा खडक कठीण, जड आणि पाणी फारसे न शोषणारा असल्यामुळे वर्षातले काही आठवडे पाण्याखाली राहिला तरी त्याची झीज अत्यंत मंद गतीने होते. पायरीचा आणखी एक गुण असा की तिच्यावर पाण्याची कोणतीही पातळी चालते. नदी दहा पायऱ्या चढली तरी अकरावी पायरी घाटच असते. सपाट फलाटाला एकच काठ असतो, घाटाला जितक्या पायऱ्या तितके काठ असतात. चढत्या-उतरत्या नदीसाठी याहून नेमके बांधकाम सुचणे कठीण आहे.

घाटांच्या माथ्यावर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठा सरदारांचे वाडे उभे राहिले. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेले राममंदिर आणि होळकर वाडा, तसेच दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी १८४९ मध्ये बांधविलेले द्वारकाधीश मंदिर आणि त्याचा वाडा ही त्यातली ठळक उदाहरणे होत. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे राज्य करणाऱ्या घराण्यांनी भीमेच्या काठी वाडे बांधावेत, याचा अर्थ त्या घराण्यांनाही वारीच्या काळात येथे उतरण्यासाठी हक्काची जागा हवी होती. त्या वाड्यांत देऊळ, मुक्काम आणि अन्नदान या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत. नदीकडून पाहिले असता त्यांची बाजू किल्ल्याच्या तटासारखी दिसते: खाली उंच, जवळजवळ निर्विकार दगडी भिंत आणि वस्तीच्या खिडक्या, सज्जे वरच्या भागात. ही रचना दिमाखासाठी होती असे समजणे अपुरे ठरेल. पुराच्या रेषेखाली दगड आणि त्या रेषेच्या वर माणूस, असा साधा विभाग त्यात आहे. तटाचा काळा दगड घाटाच्या काळ्या दगडात आणि घाटाचा दगड पात्रातल्या कातळात उतरत जातो, त्यामुळे पलीकडच्या तीरावरून पाहणाऱ्याला जमीन कोठे संपली आणि इमारत कोठे सुरू झाली हे पटकन सांगता येत नाही.

सामान्य यात्रेकरू मात्र सरदारांच्या वाड्यात उतरत नसे. तो आपल्या क्षेत्रोपाध्यायाकडे उतरे. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांकडे त्यांच्या यजमान कुटुंबांच्या पिढ्यांच्या नोंदी असत आणि ठराविक गावाचा यात्रेकरू ठराविक घरीच जाई. त्यामुळे गावातील घर हे एकाच वेळी कुटुंबाचे निवासस्थान आणि यात्राकाळातली पथिकशाळा होते, आणि घराची रचना या दुहेरी कामासाठी झाली होती. दिंडी दरवाजातून, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दारातून, आत गेले की देवडी, मग उघडा चौक, चौकाभोवती सोपे आणि ओसऱ्या, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, अशी ती मांडणी असे. एरवी चौकात धान्य वाळत पडे आणि सोप्यात पोरे खेळत. आषाढीला त्याच चौकात आणि सोप्यात शेकडो माणसे पथारी टाकत. या घरांचे छप्पर ‘माळवद’ पद्धतीचे असे. लाकडी तुळयांवर कडीपाट, त्यावर काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर आणि सर्वांत वर चोपून बसविलेली पांढरी, खारट माती असे हे सपाट धाबे कोकणात एका पावसाळ्यातही टिकले नसते. येथे ते पिढ्यान्पिढ्या टिकले, उन्हाळ्यात घर थंड राखत आले आणि यात्रेत वरची जागा झोपण्यासाठी देत आले. गावठाणाच्या अशा मातीला मराठीत ‘पांढरी’ आणि शेताच्या मातीला ‘काळी’ म्हणतात. पंढरीचे गाव आपल्याच पांढरीच्या मातीखाली झोपत होते, असे म्हटल्यास ते अक्षरशः खरे ठरावे.

वारकरी संप्रदाय जसजसा संघटित होत गेला तसतसा उतरण्याचा दुसरा प्रकार वाढत गेला. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीला दिंड्या, क्रम आणि मुक्काम यांची आजची शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्या सोहळ्यासाठी घोडे आणि तंबू दिले. या तंबूची दखल वास्तुकलेच्या इतिहासाने घेतलेली नाही, परंतु ती घ्यावयास हवी. राहुटी, पाल, तंबू, मंडप हे सर्व शब्द कापडाच्या निवाऱ्यांचे आहेत आणि त्यांच्या आकारात, उभारणीत आणि मानात भेद आहे. राहुटी लहान, दोन काठ्यांवर उभी राहणारी. पाल त्याहूनही साधे, एका कापडाचे. तंबूत पालखी उतरते आणि मंडपात कीर्तन होते. ‘फड’ हा शब्द तर मुळात मोकळ्या जागेतल्या मांडणीचा, पण तो वारकरी परंपरेत गुरुघराण्याच्या अनुयायांच्या संघटनेचे नाव होऊन बसला: देहूकर फड, वासकर फड, शिरवळकर फड. जागा ज्या जनसमूहाने व्यापायची त्या समूहालाच जागेचे नाव मिळाले. वाळवंटात कोणत्या फडाने कोठे बसावे हे परंपरेने ठरलेले असे. खुणेचा दगड नसताना, मोजणीचा कागद नसताना, दर वर्षी पुसल्या जाणाऱ्या वाळूवर तीच वस्ती पुन्हा त्याच क्रमाने उभी राहत असे. हा आराखडा माणसांच्या स्मरणात होता. पुढे फडांनी आणि महाराजांनी गावात मठ बांधले तेव्हाही त्या मठांनी तंबूचीच रचना दगडविटांत उचलली: मध्ये एक मोठी, शक्यतो खांबविरहित किंवा विरळ खांबांची जागा, जेथे दिवसा कीर्तन आणि रात्री झोप, आणि कडेने ओवऱ्या, म्हणजे समोरून उघड्या असलेल्या लहान कोठड्या.

आतापर्यंत वर्णिलेल्या वास्तूंचे दार सर्वांना उघडे नव्हते, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर असताना ती कोसळून १३३८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याचा अंत झाला आणि त्याची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर झाली. परंपरा असेही सांगते की चोखोबांची वस्ती नदीच्या पलीकडच्या तीरावर होती आणि तेथे त्यांची दीपमाळ होती. म्हणजे ज्या माणसाच्या हातांनी भिंती उभ्या राहत होत्या त्याला त्या भिंतींच्या आत जागा नव्हती, आणि त्याच्या अनुयायांना सहाशे वर्षांनंतरही ती मिळाली नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला बडव्यांचा सोपाही बंद होता आणि बहुतेक धर्मशाळाही. वाळवंट मात्र बंद करता येत नव्हते, कारण त्याला दार नव्हते. या अन्यायाला गाडगे महाराजांनी बांधकामाने उत्तर देण्याचे ठरविले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपुरात धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांतील चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य यात्रेकरूंसाठी होती आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली. वारीला नेमाने येऊन, विठ्ठलाच्या दर्शनाला न जाता वाळवंट आणि रस्ते झाडणाऱ्या या माणसाने यात्रेकरूच्या निवाऱ्याचा विचार जितक्या गांभीर्याने केला तितका कोणत्याही संस्थानिकाने केलेला दिसत नाही. साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले ते तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले तेव्हा ते सुटले. मठ ही वास्तू कीर्तनाच्या आणि झोपेच्या पलीकडे काय पेलू शकते, हे त्या दहा दिवसांनी दाखविले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका आली, यात्राकर आला आणि पटकीच्या साथींमुळे यात्रेकडे पाहण्याची सरकारी दृष्टी आरोग्याची झाली. कोणत्या घरात किती माणसे उतरतात, विहिरी कोठे आहेत, शौचाची सोय काय, हे प्रश्न प्रथमच लेखी विचारले जाऊ लागले, आणि ते विचारले जाणे आवश्यकच होते. दाटीच्या वाड्यांनी यात्रेकरूला सावली दिली तशी रोगराईही दिली होती. त्यानंतरचा मोठा बदल रेल्वेने केला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी, १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपूरपर्यंत आला. पायी येणारा वारकरी पायीच येत राहिला, पण एका-दोन दिवसांसाठी येणारा यात्रेकरू वाढला, आणि त्याला ना फड होता, ना पिढीजात उपाध्याय. त्याच्यासाठी धर्मशाळा आणि पुढे खाणावळी व लॉज आले. येथून पंढरपूरच्या यात्रेकरू-वास्तूने नदीकडे पाठ फिरवून स्थानकाकडे तोंड केले.

नदीचे स्वरूपही बदलले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ११७ टीएमसी साठ्याच्या उजनी धरणाने पंढरपूरच्या वरच्या अंगाला भीमेचे पाणी धरून ठेवले. तेव्हापासून चंद्रभागेत स्नानापुरते पाणी आहे की नाही, हे धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून राहू लागले आणि पूरही सोडलेल्या विसर्गाच्या घनफुटांत मोजला जाऊ लागला. दर वर्षी वाळवंट धुऊन काढणारा नैसर्गिक पूर अनियमित झाला, वाळू उपसली जाऊ लागली, आणि त्याच वेळी यात्रेकरूंची संख्या वाढत गेली. वाळवंटाला स्वच्छ करणारी शक्ती घटली आणि घाण करणारी वाढली, हे त्याच्या दुरवस्थेचे मूळ आहे. गेल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर वाळवंटातील राहुट्या-तंबूंवर निर्बंध आले आणि नदीपलीकडे ‘६५ एकर’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या जागेवर पाणी, शौचालये आणि वीज यांची सोय करून दिंड्यांना भूखंड देण्यात येऊ लागले. फडांना हा बदल सहज पटला नाही, आणि त्यांचे दुःख समजण्यासारखे होते. परंतु कापडाची वस्ती चिरेबंदी इमारतींनी न संपविता, तिला अधिक आरोग्यपूर्ण जमीन देऊन ती कापडाचीच राहू देण्याचा हा निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागते. एकेकाळी चोखोबांच्या दीपमाळेसाठी ओळखला जाणारा पलीकडचा तीर आज वारीचा मुख्य तळ झाला आहे.

याउलट गावात जे नवे झाले त्याविषयी असे समाधान वाटत नाही. मंदिरालगत दर्शनबारीसाठी, म्हणजे दर्शनाच्या रांगेसाठी, बहुमजली दर्शनमंडप बांधला गेला. रांग त्याहूनही लांबली की ती गोपाळपूरच्या दिशेने पत्राशेडमध्ये जाते. माणसांना तासन्‌तास उभे राहण्यासाठी छत हवेच, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या गोष्टीचा की, ज्या गावाने चौक, सोपा आणि ओवरी यांतून गर्दीला बसविण्याची कला साधली होती, त्याच गावात गर्दीचा विचार आता उभी रांग एवढाच उरला. घाटांच्या बाबतीत ही विसंगती अधिक गंभीर आहे. पायरी-पायरीने उतरणारा घाट आणि सरळ उभी संरक्षक भिंत या दोन भिन्न वस्तू आहेत: घाटाच्या उतारावरून माथ्यावरचे पाणी वाहून जाते, तर सरळ भिंतीमागे साचलेल्या पाण्याला निचऱ्याची वाट ठेवली नाही तर मागची माती जड होऊन भिंतीला पुढे ढकलते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी मुसळधार पावसात कुंभार घाटानजीकची नव्याने बांधलेली भिंत कोसळून तिच्या आडोशाला असलेली सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेच्या दोषाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण पंढरपूरच्या इतिहासात भिंत कोसळण्याची आठवण महाद्वारासमोरच्या समाधीत जतन केलेली आहे, आणि ती समाधी रोज हजारो लोक ओलांडून जातात.

२०२४ मध्ये विठ्ठलमंदिराच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा काही आठवडे पदस्पर्शदर्शन बंद ठेवून गाभारा आणि मंडपांवर गेल्या काही दशकांत चढविलेल्या फरश्या, रंग आणि आवरणे काढून मूळ काळा दगड उघडा करण्यात आला. सुमारे ७३ कोटी रुपयांच्या या योजनेत मे अखेरीस एक विस्मृत तळघरही सापडले. त्या उघड्या दगडाकडे पाहताना अनेक वृद्ध वारकऱ्यांना देव जुन्या घरी परतल्यासारखे वाटले असेल. हेच काम घाटांवर आणि वाड्यांवर व्हावयास हवे. शिंदे आणि होळकर यांचे वाडे, उरलेसुरले माळवदाचे सोपे, विष्णुपदाचा मंडप, पात्रातल्या समाध्या आणि जुना दगडी पूल यांची एकत्रित मोजणी आणि नोंद, पुराच्या प्रत्येक पातळीसह, करण्यात यावी. मंदिराभोवती रुंद मार्गिका काढण्याचे जे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत चर्चेत आहेत त्यांच्या आधी ही नोंद पूर्ण व्हावी, कारण पाडलेला सोपा पुन्हा मोजता येत नाही. आणि नदीकाठी जे काही नवे बांधावयाचे असेल त्याचा आराखडा काढणाऱ्याने श्रावणात एकदा पुंडलिकाला पाणी लागलेले पाहावे, कार्तिकात एकदा वाळवंटात बसावे, आणि मगच कागदावर पहिली रेघ ओढावी.